टाचणीच्या सहा कॉलरी

टाचणी हे नाव तिला नणंदेने ठेवलं, तेही लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात. ओठांत चार टाचण्या धरून, नाकातून आवाज काढत ती घरभर सगळ्यांना चहाचं विचारत फिरत होती. नणंदेने पुस्तकातून डोकं वर काढलं आणि म्हणाली, भावाने बायको आणलीय की टाचण्यांची डबी, हे एकदा उघडून बघायला हवं. नाव जे चिकटलं ते पुढे दुकानाच्या पाटीवरही गेलं. खरं नाव आता कागदपत्रांपुरतं उरलंय, आणि सही करताना तिलाही ते क्षणभर आठवावं लागतं.

नणंदेला सगळे ताई म्हणतात. ताई चौतीस वर्षं ग्रंथपाल होत्या. वाचनालयात कोणी कुजबुजलं, तर त्या नुसत्या चष्म्यावरून बघत आणि कुजबुज जागच्या जागी गार होई. लग्न केलं नाही. कोणी विचारलंच तर सांगत, की चांगली स्थळं आधीच कोणीतरी नेलेली होती, आणि परत आली ती पानं फाटून. निवृत्त झाल्यावर त्या भावाकडे राहायला आल्या. भाऊ म्हणजे टाचणीचा नवरा, वजनकाटे दुरुस्त करतो. माणूस मोजकं बोलतो आणि बोललेलं खरं निघतं.

घराची रस्त्याकडची खोली म्हणजे टाचणीचं शिवणाचं दुकान. मधोमध कापायचं मोठं टेबल, खिडकीशी मशीन, आणि टेबलाच्या पलीकडे ताईंची खुर्ची. दुपारची जेवणं आटोपली की ताई तिथे बसून रहस्यकथा मोठ्याने वाचत, आणि टाचणी शिवता शिवता खुनी ओळखे. नऊ वर्षांत तिने एकही खुनी बरोबर ओळखला नव्हता. गोष्टीत स्वयंपाकी असला की तिचा संशय त्याच्यावर, नसला तर ती कुरकुरे, की लेखकाने स्वयंपाकी मुद्दाम लपवलाय.

दोन वर्षांपूर्वी ताईंच्या हातातून पुस्तकं निसटायला लागली. वय झालं, असं सगळ्यांनी स्वतःला समजावलं. मग चमचा निसटायला लागला, मग जिन्यात पाय. तपासण्यांच्या फेऱ्या झाल्या आणि शेवटी एका डॉक्टरांनी नीट बसवून सांगितलं. मेंदूचा हुकूम स्नायूंपर्यंत पोचवणाऱ्या नसा एकेक करून निकामी होत जाणार; हात, पाय, मान, पुढे कधीतरी गिळणं आणि श्वास. औषधाने आजाराची चाल जरा मंदावते, थांबत नाही. टाचणीचा नवरा खिडकीबाहेर बघत राहिला. ताईंनी शांतपणे विचारलं, हे सगळं वर्णानुक्रमे होणार आहे का. डॉक्टरांना आधी कळेना, हसावं की नाही.

वर्णानुक्रमे नाही झालं, पण झालं. हात लुळे पडले, आणि यंदा मानेची पाळी आली. बसल्या बसल्या डोकं पुढे कलंडे, हनुवटी छातीला टेके, आणि कानामागून खांद्यांपर्यंत अशी कळ लागे की वाक्य अर्ध्यावर तुटे. पुस्तक आता टाचणीच उभं धरी आणि पानही तीच उलटी, तरी चार पानांच्या वर मजल जाईना.

इस्पितळातून एक तयार कॉलर मिळाली होती. ती ताईंनी दोन तास घातली आणि टाचणीला सांगितलं, की हिच्यापेक्षा एखाद्या कुत्र्याचा पट्टा जास्त आपुलकीने बनवलेला असतो. टाचणीला एवढंच हवं होतं. कॉलर म्हणजे तिचा प्रांत. तिच्या हातच्या कॉलरचा शर्ट घालून माणूस मुलाखतीला गेला तर नोकरी घेऊनच येतो, असं ती स्वतःच सांगत असे. एक मानेची कॉलर आपल्याला जमू नये?

पहिली कॉलर झाली बकरमचे, म्हणजे कॉलरीत घालायच्या ताठ कापडाचे, तीन थर घालून, वर मऊ मखमल. ताईंना ती चढवल्यावर नवरा हळूच म्हणाला, शाळेच्या नाटकातला राजा दिसतोय. ताईंनी राजाच्या आवाजात फर्मान सोडलं, की शिंप्याला हत्तीच्या पायी द्या. दुसरी केली फोमची. तिच्यात डोकं असं रुतत गेलं, की शेवटी ताईंचं नुसतं नाक आणि चष्मा बाहेर राहिला. तिसरीने मान सावरली, पण पाण्याचा घोट घशाखाली उतरेना. चौथीला म्हणून पुढून खिडकी ठेवली, तर हनुवटीच त्या खिडकीतून बाहेर आली.

पाचवीच्या वेळी टाचणीने ठरवलं, की चूक मापात आहे. तिने नवऱ्याला मागे उभं केलं. त्याने दोन्ही तळहातांनी ताईंचं डोकं सरळ धरायचं आणि हिने माप घ्यायचं, टेपखाली एक बोट ढिलं सोडून, जसं प्रत्येक गिऱ्हाइकाचं घेते तसं. वर सवयीने ताईंना सांगितलंही, की सरळ बसा, श्वास रोखू नका. कॉलर अशी सुंदर बसली की टाचणीने आरसा आणला. मग नवऱ्याने हात काढले, आणि ताईंची मान कॉलरसकट खाली गेली. माप ताईंच्या मानेचं नव्हतंच, नवऱ्याच्या तळहातांचं होतं. सहाव्या कॉलरबद्दल घरात कोणी बोलत नाही.

एवढं सगळं होऊन कळ होती तिथेच होती. एका गुरुवारी ताई दुसऱ्याच पानावर थांबल्या. टाचणीला वाटलं, मोठं रहस्य आलंय, म्हणून तिने पुढचं विचारलं. ताईंनी डोळे मिटले होते.

“पुस्तक मिटव,” त्या म्हणाल्या. “मला आडवं कर. आता आडवंच बरं.”

त्या संध्याकाळी नवऱ्याने इस्पितळी पलंग भाड्याने सांगितला, चावी फिरवून डोक्याची आणि पायांची बाजू वर करता येते तसला. मागच्या खोलीत बसेल. सोमवारी येणार होता. ताईंनी त्याला नको म्हटलं नाही, उलट बरं केलंस म्हणाल्या. पण टाचणी त्यांना भरवत होती तेव्हा, भाऊ बाहेर गेल्याचं बघून, त्या अगदी हळू म्हणाल्या, “मी खूप पुस्तकं मागच्या खोलीत पाठवलीत गं. एकदा तिथे गेलं की परत पुढच्या फळीवर येत नाही.”

टाचणीने घास हातातच धरला. मग ती म्हणाली, तोंड उघडा.

शनिवारी सकाळी बँडमास्तर आला. त्याच्या बँडचा लाल कोट टाचणीने महिन्यापूर्वी शिवला होता, आणि तो आता तिसऱ्यांदा परत आला होता. तक्रार तीच: कॉलर मागून उचलते आणि मानेच्या मुळाशी चावते. टाचणीने ती दोनदा उसवून दोनदा लावली होती. बँडमास्तर म्हणाला, बाई, मिरवणुकीत माझं लक्ष सुरांपेक्षा मानेकडे असतं. त्याला वाटेला लावून तिने कोट पुतळ्यावर चढवला आणि चिडून त्याच्याभोवती फिरायला लागली. ताई खुर्चीतच होत्या. सोमवारपर्यंत बसून घेते म्हणाल्या होत्या, जणू सुट्टीचे उरलेले दिवस संपवत होत्या. हनुवटी छातीवर, दोन्ही हात अंगाच्या बाजूंनी खाली लोंबलेले.

कॉलर खरोखरच उचललेली होती. टाचणीने ती दाबली, ती पुन्हा उठली. बाह्यांवर मनगटापासून कोपरापर्यंत जरीच्या दोऱ्या, पितळी बटणं आणि गोंडे. बँडमास्तरला कमी काही चालतच नसे. एका बाहीत दोरा अडकला म्हणून तिने ती उचलून टेबलावर ठेवली, आणि दुसरी आड येत होती म्हणून तीही. मग वर बघितलं, तर कॉलर मुकाट्याने जागेवर बसलेली.

तिने बाह्या सोडल्या. कॉलर उठली. पुन्हा टेबलावर ठेवल्या. बसली. ओठांत चार टाचण्या तशाच धरून ती काही वेळ पुतळ्याकडे बघत उभी राहिली. हाताखालच्या मुलींना ती स्वतःच घोकून घेत आली होती, की कॉलर रडते तेव्हा दोष कॉलरचा नसतो, खांदा कोणीतरी खाली ओढत असतं. कोटाच्या बाबतीत तिला हे ठाऊक होतं. गेले तीन आठवडे घरातल्या घरात ती नेमकं उलटं करत बसली होती.

तिने टेबलावरच्या कापडाच्या दोन सुरळ्या ओढल्या, ताईंची खुर्ची पुढे सरकवली, आणि त्यांचा आधी एक हात, मग दुसरा, कोपरापासून बोटांपर्यंत उचलून त्या सुरळ्यांवर ठेवला. मग खांद्यांमागे उशी दिली आणि त्यांना किंचित मागे रेलवलं.

ताईंनी डोळे वर करून तिच्याकडे बघितलं.

“काय केलंस?” ताईंनी विचारलं.

“काही नाही. बाह्या उचलल्या.”

ताईंनी डोळे मिटले, उघडले. “मागून कोणीतरी केस ओढत होतं,” त्या म्हणाल्या, “ते सोडून गेलं.”

नवरा आला तेव्हा त्याला दोघींनी एकदम सांगायला सुरुवात केली आणि त्याला काहीच कळलं नाही. कळल्यावर तो आत गेला आणि दोन ताणकाटे घेऊन आला. कापडाच्या झोळ्या करून त्याने ताईंचे दोन्ही हात त्यांत तोलले, चष्मा लावून आकडा वाचला, पुन्हा वाचला. दोन्ही मिळून सव्वाचार किलो. ताई म्हणाल्या, म्हणजे मी इतके महिने सव्वाचार किलोची पिशवी खांद्याला लावून बसले होते, आणि ही मला वर कॉलरी घालत होती. टाचणीने तिथल्या तिथे कबूल केलं. वर हेही कबूल केलं, की या खुर्चीला पूर्वी चांगले लाकडी हात होते आणि ते टेबलाला आपटतात म्हणून तिनेच सुताराकडून कापून घेतले होते. ताईंनी विचारलं, आणखी काही कापून ठेवलंयस का, आत्ताच सांग.

रविवारी फिजिओथेरपी करणारी बाई आली. तिने सगळं पाहिलं आणि म्हणाली, बरोबर आहे. स्नायू सैल पडले की लोंबत्या हातांचं ओझं खांद्यांवर आणि मानेवर येतं. हात कोपराच्या उंचीला टेकलेले हवेत. पाठ थोडी मागे कललेली हवी, म्हणजे डोक्याचा भार खुर्चीवर जातो. पुस्तक डोळ्यांसमोर उंच हवं. कॉलर हवीच तर प्रवासापुरती, आणि जेवताना तर नकोच. दर अर्ध्या तासाने जरा बसण्याची ठेवण बदलायची. हे मी पहिल्याच भेटीत सांगणार होते, ती संकोचून म्हणाली, पण तुमच्या या वहिनींनी माझ्या एप्रनची काखेतली शिलाई उसवून दुरुस्त करायला घेतली होती, आणि मी अर्ध्या बाहीत होते.

त्याच दिवशी टाचणीने दोन उशा शिवल्या, मधून पन्हळीसारख्या खोलगट, म्हणजे हात घरंगळत नाही. सुताराने खुर्चीला पुन्हा हात बसवून दिले आणि पाठ मागे कलती केली. त्याने फक्त एकदा विचारलं, की हे आता कायमचे ना. कळ पूर्ण गेली नाही. संध्याकाळ झाली की ती मानेच्या मुळाशी येऊन बसे, आणि मग टाचणी गरम कपडा ठेवी. आजार तर जिथे होता तिथून पुढेच जाणार होता, हे तिघांनाही माहीत होतं. पण रविवारी दुपारी ताईंनी एका बैठकीत अकरा पानं वाचली, आणि टाचणीने पाचव्या पानावर स्वयंपाक्याला पकडलं.

सोमवारी पलंग आला. आणणाऱ्यांनी विचारलं, कुठे ठेवायचा. नवरा ताईंकडे बघत उभा राहिला; नको म्हणाल्या तर परत पाठवायची त्याची तयारी होती. ताई म्हणाल्या, मागच्या खोलीत ठेवा, रात्री झोपायला माणसाला पलंग लागतोच. हे त्या इतक्या सहज म्हणाल्या, की टाचणीला उगाचच मशीनमध्ये दोरा ओवायचं काम निघालं.

पलंग नीट चालतो का हे तपासल्याशिवाय नवऱ्याला चैन पडणार नव्हतं. वजनकाटा असो की पलंग, स्वतः भार टाकून बघायचा, ही त्याची पद्धत. आतून चावी फिरवल्याचा आवाज आला, मग खटकन काहीतरी अडकलं, मग बराच वेळ काहीच नाही. टाचणी बघून आली. पलंग दोन्हीकडून वर उचलला गेला होता आणि नवरा मधल्या घडीत, गुडघे नाकाशी, छताकडे बघत होता. चावी त्याच्या हाताला पोचत नव्हती, आणि हाक मारायची लाज वाटत होती.

ताईंना तिने सगळं साभिनय सांगितलं. ताई हसल्या, डोकं जरा कलंडलं, टाचणीने ते सरळ केलं, तरी हसतच राहिल्या.

“जाऊन सोडवते त्यांना,” टाचणी म्हणाली.

“सोडवशील गं,” ताई म्हणाल्या. “तो कुठे जात नाही. आधी पान उलट, मला अजून बसायचंय.”