कागदाचं भुतांचं गाव

सोसायटीच्या हॉलमध्ये टेबलावर आमचं हॅलोविनचं गाव मांडून झालं होतं. काळ्या कागदाची वाकडी घरं, कलत्या छपराचं चर्च, नखाएवढी वटवाघळं. शेजारची वैशाली आणि मी, दोघींनी मिळून ते तिच्या स्वयंपाकघरात बसून केलं होतं.

"कुणी केलं हो हे?" एका पाहुण्या बाईंनी विचारलं.

"मीच," वैशाली म्हणाली. "रोज दुपारी एकटीच बसायचे कापत."

मी तिच्या शेजारीच उभी होते. तिनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

कौतुकाचं मला फारसं काही नव्हतं. पण त्या इवल्या खिडक्या कापता कापता मी तिला आईच्या शेवटच्या दिवसांबद्दल सांगितलं होतं. घरातही कुणाशी बोलले नव्हते ते. तेव्हा तिनं कात्री खाली ठेवून माझा हात धरला होता. आता त्या दुपारी मी तिथे नव्हतेच म्हणे! आपण ज्याला जवळीक समजतो, ती समोरच्याला इतक्या सहज पुसता येते?

"अगं, जरा दिवे लाव ना आतले," ती मला म्हणाली.

मी बटण दाबलं. घराघरांतून पिवळा उजेड आला, मुलं आनंदानं ओरडली. मला रडू येत होतं, आणि गाव फार सुंदर दिसत होतं.