पाटीची ओलेटाकडची बाजू

अर्वेला स्टॅम्परने एकतीस वर्षं केंटकीच्या डोंगरातल्या वळणांवरून शाळेची बस चालवली आणि कुणाला ओरखडाही येऊ दिला नाही. निवृत्तीनंतर तिने आमच्या बॅप्टिस्ट चर्चच्या पाटीचं काम घेतलं, आणि ती कसर भरून काढली.

पाटी रस्त्याकडेला आहे, दुतोंडी. एक तोंड चढाकडे, जिथून अर्वेला खाली येते. दुसरं थेट ओलेटा कूम्सच्या स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर. दर सोमवारी शिडीवर चढून, प्लास्टिकची काळी अक्षरं पट्ट्यांत सरकवून आठवड्याचं वचन लावायचं. चढाच्या बाजूला अर्वेला फक्त उपासनेच्या वेळा ठेवी. वचन ओलेटाला.

कारण होतं लोनी, अर्वेलाचा मुलगा. तो गुंगीच्या गोळ्या विकताना पकडला गेला, आणि त्याच दुपारी ओलेटाने त्याचं नाव प्रार्थनेच्या साखळीत घातलं. आमच्याकडे कुणावर संकट आलं की एक बाई दुसरीला फोन करते, दुसरी तिसरीला, आणि सगळ्या त्याच्यासाठी प्रार्थना करतात. प्रार्थना किती होतात ते देव जाणे. बातमी मात्र जेवणाआधी सगळ्या खोऱ्यात पोचते. पोटचा मुलगा तुरुंगात गेल्याचं अर्वेलाला कळलं ते किराणा दुकानात, "तुमच्या लोनीसाठी प्रार्थना करतेय हं," या शब्दांत.

"लोनी सुटायच्या आत ती चर्चमध्ये सगळ्यांदेखत माझी माफी मागेल," अर्वेलाने मला सांगितलं. "नाहीतर मी त्या शिडीवरच मरेन."

लोनीला अकरा महिन्यांची शिक्षा झाली होती.

जीभ ही आग आहे: लावलं. चहाडखोर जिवलगांत फूट पाडतो: लावलं. सरपण संपलं की आग विझते आणि चहाडखोर गेला की भांडण: हे भर जानेवारीत लावलं, ओलेटाच्या धुराड्यातून धूर निघत असताना. दारूगोळा संपत आला तेव्हा अर्वेलाने बायबल पहिल्या पानापासून वाचायला घेतलं, रोज पहाटे, लाल पेन्सिल हातात धरून. इतक्या तळमळीने शास्त्र वाचणारी बाई दुसरी नाही, असं पाळकबुवा व्यासपीठावरून सांगत.

काही वचनं मात्र हातात येऊन निसटत. येशूने सांगितलेली ती गोष्ट, उदाहरणार्थ: दोघे प्रार्थनेला गेले. एकाने देवाचे आभार मानले की मी त्या दुसऱ्यासारखा नाही, आणि दुसरा नुसता छाती बडवत दया मागत राहिला. हे वचन अर्वेलाने ओलेटाला सगळ्या बाजूंनी लावून पाहिलं. बसेना. तिने पान उलटलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच पान.

लोनी सुटणार त्या आठवड्यातल्या गुरुवारी, माफीचा पत्ता नाही म्हणून, ती ओलेटाच्या दारात जाऊन उभी राहिली.

"ये गं, सिस्टर. केळ्याचं पुडिंग देऊ?"

"पुडिंग नको. अकरा महिने तुझ्यासमोर वचनं लावतेय. डोळे फुटले नाहीत ना तुझे?"

"एकही चुकवलं नाही." ओलेटाने भिंतीवरचं कॅलेंडर दाखवलं. प्रत्येक सोमवारच्या चौकटीत वचन उतरवलेलं.

"मग लाज नाही वाटली?"

"वाटली तर. तू एवढी उघड्यावर पाप कबूल करतेयस, आणि मी आपली घरात बसलेली."

"पाप? माझं?"

"अगं, माझ्या जिनीव्हाला नवऱ्याने टाकलं, ते साखळीवर कुणी घातलं होतं? तूच ना? लेकीचा संसार मोडल्याचं मला केस कापून घेताना कळलं, डोकं ओलं असताना! दोन वर्षं तुझ्यावर दात धरून होते. लोनीचं कानावर आलं तेव्हा म्हटलं, आता फेडते. फेडलं. आणि पुढच्याच सोमवारी तू शिडीवर! म्हटलं, बाईला उपरती झाली. तेव्हापासून रोज तुझ्यासाठी प्रार्थना करतेय."



"मी ते प्रार्थनेसाठीच सांगितलं होतं," अर्वेला म्हणाली.

"मीही," ओलेटा म्हणाली.

ते निसटणारं वचन कुणाच्या मापाचं होतं, ते अर्वेलाला तेव्हा कळलं. आधी ती लाल झाली. मग तिला हसू फुटलं, खुर्ची धरावी लागली इतकं.

"अकरा महिने, ओलेटा! बर्फात!"

"बघत होते ना. फेब्रुवारीत घसरलीस, तेव्हा मी टाळ्यासुद्धा वाजवल्या. जुनी सवय."

अर्वेलाने दोन वाट्या पुडिंग खाल्लं.

शुक्रवारी ती शिडीवर चढली. सोमवारची वाट न बघता, आणि गात. तिचा आवाज बसच्या भोंग्यासारखा आहे; खोऱ्यातली कुत्री उठून बसली.

रविवारी लोनीला गाडीत घालून ती चढावरून खाली आली. पाटीवर उपासनेच्या वेळा नव्हत्या. देवा, मज पाप्यावर दया कर, एवढंच होतं.

"आई, हे माझ्यासाठी लावलंस?" लोनीने मान खाली घालून विचारलं.

"तुझं सगळ्या खोऱ्याने केव्हाच वाचलंय, बाळा. हे माझं आहे."

चर्चमध्ये कुणी कुणाची माफी मागितली नाही. ओलेटा बाकावर सरकली आणि तिने दोघांपुरती जागा केली.

बाहेर पडताना मी पाटीची दुसरी बाजू पाहिली. खिडकीसमोर अजून गेल्या सोमवारी पुन्हा लावलेलं 'जीभ ही आग आहे' होतं.

"ते सोमवारी काढते," अर्वेला म्हणाली.

त्यानंतर सहा सोमवार गेले.