कंठ फुटताना

मुलीला गाण्याच्या क्लासला सोडून मी बाहेरच्या बाकावर बसते. परवा आत भूप चालला होता. तेरा वर्षांचा ओंकार वरच्या सा वर गेला आणि त्याचा आवाज चिरकला. मुली खुदखुदल्या. ओंकारने मान खाली घातली. "बाई, माझा आवाज फाटलाय. मी आता क्लासला नाही येणार."

बाईंनी पेटी थांबवली. "फाटला नाही रे, कंठ फुटतोय तुझा. गळ्यातले स्वरतंतू लांब आणि जाड होतायत. काही महिने आवाज असाच घसरेल, मग भरदार होऊन स्थिरावेल." मग मुलींकडे वळून त्याच साध्या सुरात म्हणाल्या, "शरीर तुमचंही बदलतंय. पाळी येते, मुरुमं येतात, उगाच रडू येतं. यात हसण्यासारखं काही नाही आणि लपवण्यासारखंही नाही. काय विचारायचं ते मला विचारा."

मी बाहेर ऐकतच राहिले. आमच्या घरी पाळी हा शब्द कुजबुजूनच उच्चारला जाई. मोठी माणसं नजर चुकवत, आणि आपल्यातच काहीतरी बिघडलंय असं समजून आम्ही एकेकट्या घाबरत असू. फुटते ती पालवीसुद्धा, हे सांगायला किती थोडा वेळ लागतो!

आत बाईंनी पट्टी बरीच खाली घेतली. "आज सगळ्यांनी ओंकारच्या पट्टीत गायचं."

मुलींचे आवाज तिथवर उतरेनात. त्यांची ती धडपड चालू असतानाच ओंकारचा नवा, जाडसर सा हळूच लागला.