सत्तावीस नंबरची विहीण

आमच्या मुलाच्या साक्षगंधाला मी हेल्मेट घालून गेले.

हेल्मेट लाल होतं, साडी मोरपंखी होती, आणि दोन्हींचा मेळ बसत नव्हता हे मला मान्य आहे. त्या दिवशी बाकी जे जे झालं, त्यातलं काहीएक मला मान्य नाही. नातेवाइकांनी त्यावर आजवर जी भाषणं दिली ती मी शांतपणे ऐकून घेतली (निम्मी ऐकू आलीच नाहीत, कानात गाडीचा आवाज अजून आहे!), पण माफी मागितलेली नाही. मागणारही नाही.

गाडीपासूनच सांगते. मी अमरावतीच्या एका ज्युनियर कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते. एकदा कॉलेजातल्या मैत्रिणीबरोबर अंजनगाव सुर्जीला तिच्या दिराच्या शेतावर गेले होते. तिथं गोठ्यात, कडब्याच्या गंजीमागे, ती उभी होती. दोन सीटची, बसकी, लांब नाकाची, जुनी विलायती स्पोर्ट्स कार! कोण्या हौशी मालकानं कधीकाळी मुंबईहून आणली आणि हौस फिटल्यावर तिथंच सोडली. बॉनेटवर तुरीच्या शेंगा वाळत होत्या आणि ड्रायव्हरच्या सीटवर कोंबडी अंडी उबवत होती. मी दार उघडलं, तर तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मीच लिफ्ट मागून राहिली!

आता हे सगळ्यांना कसं सांगणार? लहानपणी आम्ही बडनेऱ्याला रेल्वेच्या क्वार्टरमध्ये राहायचो. तेव्हा रद्दीत आलेल्या एका इंग्रजी मासिकाचं पान मी कपाटाच्या दाराला आतून चिकटवलं होतं. त्यावर शर्यतीची लाल गाडी, अंगावर दोन पांढरे पट्टे, दारावर पांढऱ्या गोलात २७. त्या पानाकडे पाहत मी दहावी झाले, बारावी झाले, एमएस्सी झाले, लग्न झालं, पोरगा झाला. मधल्या काळात कोणी विचारलंच नाही, की बाई, तुला काय पाहिजे? त्या दिवशी गोठ्यात मीच मला विचारलं. उत्तर समोर कोंबडीखाली होतं.

गाडी ट्रॅक्टरला बांधून घरी आली. माझे यजमान विनायकराव (सरकारी कचेरीतून निवृत्त, स्वभाव शांत, आवाज त्याहून शांत) बाहेर आले.

"काय आणलं व हे?"

"गाडी."

"कोठी हाय गाडी? मले तं पत्रा दिसून राहिला."

वलगाव रोडवरच्या सलीमभाई मिस्त्रींना बोलावलं. त्यांनी गाडीला तीन चकरा मारल्या, वाकून खाली पाहिलं, टोपी काढली आणि म्हणाले, "मॅडम, ये गाडी नहीं है. गाडी का पंचनामा है."

पण माणूस जिद्दी. दीड वर्षं आम्ही दोघं त्या पंचनाम्यामागे होतो. कॉलेज सुटलं की मी गॅरेजात. सडलेला तळ कापला, नवा पत्रा जोडला. इंजिन पूर्ण खोललं. घासायला, पुसायला, पाने धरायला मी शिकले. वेल्डिंगही शिकले (डाव्या चपलेला भोक आहे, त्याचा विषय वेगळा).

गाडी पहिल्यांदा धडधडली तेव्हा सलीमभाईंचे डोळे भरून आले. "बस, मॅडम. अब जैसी थी वैसी बना देंगे. एकदम ओरिजिनल."

"नाही," मी म्हटलं. "शर्यतीची बनवायची."

"कौनसी शर्यत?"

शर्यत माझ्याकडे नव्हती, पण भौतिकशास्त्र होतं. बल तेवढंच ठेवा, वस्तुमान कमी करा, त्वरण वाढतं! वीस वर्षं पोरांच्या डोक्यात हे घालते आहे, आपण कधी करून पाहायचं? मग वस्तुमान कमी करणं सुरू झालं. टप काढला. बंपर काढले. पुढची काच काढून तिथं ड्रायव्हरपुरता वीतभर पारदर्शक तुकडा लावला. बाजूची सीट काढली. सायलेन्सर अर्धा कापून नळी डाव्या बाजूनं बाहेर आणली.

विनायकराव रोज संध्याकाळी येऊन पाहायचे. एक दिवस म्हणाले, "आता फक्त तूच राह्यली काढाची. सगळ्यात जास्त वस्तुमान तं तेच हाय."

मी लक्ष दिलं नाही. लाल रंग मारला, पांढरे पट्टे ओढले. दारावरचा गोल कणीक मळायच्या परातीनं आखला आणि त्यात २७ लिहिले. (कागदपत्रांबद्दल विचारू नका. सगळी होती. फक्त गाडी त्यांच्यासारखी दिसत नव्हती!)

आणि नेमकं तेव्हाच निखिलचं, आमच्या मुलाचं, जमलं. मुलगी मृणाल, अकोल्याची. वडील निवृत्त मुख्याध्यापक, घरात शिस्त, आणि शिस्तीवर देखरेख ठेवायला मुख्याध्यापकांची मोठी बहीण. या आत्याबाईंनी पहिल्याच भेटीत माझ्या नखांतलं काळं तेल पाहून विचारलं होतं, "तुमच्याकडे भांड्याले बाई नाही का?" घरी आल्यावर मी त्यांच्या स्वभावाबद्दल एकच वाक्य बोलले होते. ते विनायकरावांनी ऐकलं, एवढीच माझी चूक.

निखिल पुण्याहून आला आणि गाडी पाहून खुर्चीत बसला.

"आई, एक वचन दे. ही गाडी अकोल्यात दिसली नाही पाहिजे."

"नाही दिसणार."

मी खरंच मनापासून म्हटलं होतं!

साक्षगंध बाराचं. पाहुण्यांची बस निखिलला घेऊन सकाळी आठला गेली. आम्ही दोघं पेढे ताब्यात घेऊन नऊला आमच्या रोजच्या, साध्या, पांढऱ्या, टप असलेल्या गाडीनं निघणार होतो. अंगठी विनायकरावांच्या खिशात, पेढे मागच्या सीटवर. मी किल्ली फिरवली. काहीच नाही. पुन्हा फिरवली. काहीच नाही.

विनायकरावांनी बॉनेट उघडलं. आत डोकावून पाहिलं.

"रेखा, याच्यात बॅटरी काहून नाही?"

परवा लाल गाडीची बॅटरी बसली, म्हणून मी हिची काढून तिला लावली होती. एका दिवसासाठी! ती परत ठेवायची विसरले.

"मंग काढ न तिथून!"

"निघत नाही. वजनाचा तोल साधायला ती सीटमागं पिंजऱ्यात ठेवली. पिंजऱ्याले वेल्डिंग केलं."

"कोनं?"

"मी."

त्या दिवशी लग्नाची मोठी तिथी. पाच ठिकाणी फोन केले, भाड्याची एक गाडी मोकळी नाही. सहावा फोन मी केला नाही. आता सांगायला हरकत नाही, करता आला असता.

विनायकराव बाजूची सीट नसलेल्या जागी गादीची घडी टाकून, मांडी घालून बसले. एका हातात पेढ्यांचा डबा, दुसऱ्या हातानं बॅटरीच्या पिंजऱ्याचा लोखंडी पाइप धरलेला. गजऱ्यावर हेल्मेट बसेना, म्हणून गजरा मी आरशाला बांधला. कापलेल्या सायलेन्सरचं तोंड त्यांच्या डाव्या कानापासून दीड फुटावर. मी गाडी सुरू केली आणि त्यांनी देवाचं नाव घेतलेलं मला ओठांवरून कळलं. ऐकू काही आलं नाही!

बडनेऱ्यापर्यंत लोक आपसूक बाजूला होत होते. टोलनाक्यावर खिडकीतल्या मुलानं मान बाहेर काढली. "काकू, हे काय हाय? मी कोनत्या खान्यात टाकू?"

"स्पोर्ट्स कार आहे!"

"आन् काका काहून खाली बसले?"

"वजन कमी केलं!"

त्यानं विनायकरावांकडे सहानुभूतीनं पाहिलं आणि दांडा वर केला.

मूर्तिजापूरच्या पुढे मी कापसाच्या ट्रकमागे सापडले. ठासून भरलेला, ताडपत्री फाटलेली, आणि प्रत्येक खड्ड्याला बदाबदा कापूस उधळणारा. पुढं काच नाही. माझ्या तोंडाला क्रीम, त्यावर घाम, त्यावर इंजिनचं उडालेलं तेल. कापूस येई आणि चिकटे. येई आणि चिकटे! गाडीला पुढची काच कशासाठी देतात, ते मला तेव्हा कळलं. मान्य मात्र केलं नाही. विनायकरावांच्या डोक्यावर मध्यभागी बरेच दिवस केस नव्हते. त्या दिवशी आले.

ट्रकच्या पुढं जावं म्हणून पाय दाबला, तर गाडीनं नुसता आवाज वाढवला. बोरगाव मंजूपर्यंत आम्ही त्या ट्रकच्या मागेच होतो.

पावणेबाराला अकोल्यात शिरलो. मुख्याध्यापकांच्या गल्लीत सगळे रस्त्यावर उभे. आरतीचं ताट, दोन्हीकडचे पाहुणे, शेरवानीतला निखिल, बाजूला बँडवाले. मी ऐटीत वळण घेतलं. गल्लीच्या तोंडाशी रहिवाशांनी स्वतः घडवलेला गतिरोधक होता, उंटाच्या वशिंडाएवढा! माझी गाडी जमिनीपासून चार बोटं. पुढची चाकं चढली, उतरली, आणि गाडीचं पोट टेकलं. मागची चाकं हवेत. आम्ही दोघं लहान मुलांच्या सी-सॉवर बसल्यासारखे वर-खाली होत राहिलो.

मी इंजिन बंद केलं. बंद होता होता नळीतून एकच बार उडाला.

धडाम!

बँडवाल्यांना सांगून ठेवलं होतं, की मुलाचे आईवडील आले की फटाका फुटेल आणि मग सुरू करा. त्यांनी जोरात सुरू केलं.

निखिलनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. बँड थांबला. कापसातून आम्ही कोण आहोत हे लोक ओळखायचा प्रयत्न करत होते. तेवढ्यात विनायकराव माझ्या कानाशी झुकले आणि कुजबुजले. म्हणजे त्यांच्या मते ते कुजबुजले. दोन तास ती नळी कानाशी असलेला माणूस जेवढं हळू बोलू शकतो, तेवढंच हळू. चौकातली कुत्री उठली!

"रेखा! तू म्हनत होती ते खवीस आत्या, ते हेच का व?"



आत्याबाई पुढे आल्या. "काय म्हनलं तुमी?"

विनायकरावांना शब्दही ऐकू आला नाही. त्यांनी कापसासकट हसून हात जोडले. "हो, हो! तुमचाच विषय चालू होता!"

दारातून कोणीतरी खो-खो हसलं. मृणाल होती. पण आत्याबाईंच्या चेहऱ्यावरची शीरही हलली नाही. त्या भावाकडे वळल्या. "असल्या भैताड घरी पोट्टी देतो का रे? अजून वेळ गेली नाही."

निखिल माझ्याजवळ आला. हळूच म्हणाला, "आई, तू वचन दिलं होतं."

खोटं कशाला बोलू? पोराचं लग्न माझ्या हौसेपायी गतिरोधकावर अडकलं होतं. मी हेल्मेट काढलं आणि मुख्याध्यापकांसमोर उभी राहिले.

"सर, वचन मी मोडलं, त्यात निखिलचा दोष नाही. जे बोलायचं ते मला बोला. पण ही गाडी मी माझ्या हातानं उभी केली आहे. तिची लाज मला वाटत नाही, आणि वाटणारही नाही!"

मुख्याध्यापकांनी खिशातून चष्मा काढला. गाडीभोवती सावकाश चक्कर मारली. दाराशी थांबले.

"हे वर्तुळ कशानं काढलंत?"

"परातीनं."

"आकडा मधोमध नाही. डावीकडे सरकलाय."

"सरकलेला नाही. दाराच्या कडीमुळे तसं भासतं."

"भासत नाही, आहे. मी तीस वर्षं भूमिती शिकवली, बाई."

"आणि मी वीस वर्षं भौतिकशास्त्र! पट्टी आणा!"

पट्टी आली. मी आणि मुख्याध्यापक उकिडवे बसून दार मोजत होतो. पाहुण्यांनी विनायकरावांसकट गाडी उचलून गतिरोधकावरून उतरवली, तरी आमचा वाद संपला नव्हता. शेवटी मृणाल दारातून पुढे आली. "बाबा, आकडा राहू द्या. साडेबारा वाजून राहिले."

मुख्याध्यापक उठले, गुडघे झटकले आणि बहिणीला म्हणाले, "ताई, चूक दाखवली तर भांडणारी माणसं आहेत. हो-हो करणारी नाहीत. पोरीला करमेल तिथं."

साक्षगंध झालं. अंगठी सुखरूप निघाली. इंजिनच्या उष्णतेनं पेढ्यांचा डब्यात एकच मोठा पेढा झाला होता, तो सुरीनं कापून वाटला. आत्याबाई तिसऱ्या जिलबीपर्यंत माझ्याशी बोलल्या नाहीत. चौथीला म्हणाल्या, "खवीस कोनाले म्हनते व?" मी म्हटलं, "तुम्हाला." त्यांनी माझ्या ताटात जिलबी टाकली. आकडा मात्र दोन सूत डावीकडे होता, हे मी मुख्याध्यापकांसमोर आजवर कबूल केलेलं नाही.

दुपारी विनायकरावांनी बसची खिडकीची जागा पकडली आणि कोणाच्याही सांगण्यानं ते उठले नाहीत. मी एकटीच निघाले. रस्ता मोकळा, ऊन उतरलेलं, वाऱ्यावर पदर. आयुष्यात पहिल्यांदा मी त्या मासिकातल्या पानासारखी दिसत होते! पाय पूर्ण दाबला. गाडी गर्जली. शेतातले लोक उभे राहून पाहायला लागले.

तेवढ्यात मागून एक दूधवाला मोपेडवर आला. दोन्हीकडे कॅन लटकलेले. माझ्या बरोबरीनं चालत त्यानं गाडीकडे कौतुकानं पाहिलं.

"काकू, बंद पडली का? धक्का मारू?"

"रेसची गाडी आहे ही!" मी ओरडले. "वळण येऊ दे, मंग दाखवते तुले!"

तो हसला, हात हलवला आणि पुढं निघून गेला.

बडनेऱ्यापर्यंत रस्ता सरळ होता.