जर्मन लॉरी आणि मऊ पाणी

श्रीकृष्णशास्त्री उपळेकर रावपुऱ्यात राहत आणि बडोदे संस्थानच्या पोथीखान्यात नोकरी करत. पोथी किती पानांची आहे, कुठलं पान वाळवीने खाल्लं आहे, नक्कल करणाऱ्याने कुठे डुलकी काढली आहे, हे बारीक अक्षरात लिहून ठेवायचं त्यांचं काम. बावीस वर्षं ते हेच करत होते आणि त्यात त्यांना कधी कंटाळा आला नव्हता.

शास्त्रीबुवांना जर्मन येत होतं. तरुणपणी कुणीतरी त्यांना सांगितलं होतं की वेदांवरचे जाडजूड ग्रंथ जर्मनीत लिहिले जातात. तेव्हा त्यांनी एक जुना कोश मिळवला आणि ते एकट्याने बसून ती भाषा शिकले. तिचा उच्चार त्यांनी कुणाच्या तोंडून ऐकलेला नव्हता. त्यामुळे ते जर्मन वाचायला लागले की शेजारच्यांना वाटे, बुवा संध्या करताहेत. अनेक जर्मन लेखांची त्यांनी मराठी भाषांतरं केली होती. ती पोथीखान्याच्या कपाटात नीट बांधून ठेवलेली होती आणि शास्त्रीबुवा सोडून ती कुणी सोडलेली नव्हती.

सन १९३७च्या एप्रिलमध्ये, एका रविवारी सकाळी, त्यांच्या दारात जयवंतराव काकडे येऊन उभे राहिले. जयवंतराव संस्थानच्या घोडदळातून निवृत्त झालेले. मिशा अजून नोकरीतच होत्या. काखेत एक काळं, तेलकट पुस्तक होतं.

"शास्त्रीबुवा, आपल्याला जर्मन येतं असं तुमच्या पोथीखान्याचा शिपाई सांगत होता."

"वाचता येतं. बोलायचा प्रसंग आला नाही."

"बोलायचं कुणाला आहे? माझी लॉरी बोलते तेवढं पुरे आहे," असं म्हणून जयवंतराव ओसरीवर बसले आणि त्यांनी आपली कर्मकहाणी सांगितली.

दोन वर्षांपूर्वी त्यांनी मुंबईहून डिझेलवर चालणारी जर्मन लॉरी आणली होती. पेट्रोलच्या लॉरीपेक्षा निम्म्या खर्चात चालते, म्हणून. मकरपुऱ्याला शेड बांधली, करजणहून बडोद्याला कापसाच्या गासड्या आणायचं काम धरलं. पहिलं वर्ष लॉरी राजकन्येसारखी चालली. मग तिला ताप येऊ लागला. मकरपुऱ्याहून निघालं की पोर गावाच्या अलीकडेच टोपणातून वाफ, इंजिनातून टकटक, आणि जयवंतराव रस्त्याच्या कडेला मिशा पुसत उभे. पोरच्या लोकांनी तर वेळ पाठ केली होती. लॉरीची धूळ दिसली की चार जण बादल्या घेऊन विहिरीपाशी तयार असत. बादलीला अर्धा आणा.

"गास्केट बदललं. मग म्हणाले इंजिनाचं डोकं वाकलंय, ते मुंबईला पाठवून घासून आणलं. मग पिस्टनच्या रिंगा बदलल्या. अकराशे रुपये गेले, बुवा! आणि आता लॉरी विकणारा मुंबईचा साहेब म्हणतो, इंजिनच नवीन टाका. अडीच हजार! घोडा आजारी पडला तर कुणी सांगतं का, की घोडा तोच ठेवा, आतली आतडी तेवढी नवीन आणा?"

"मग माझ्याकडून काय हवं?"

"आमचा गोविंदभाई मिस्त्री हटून बसलाय. म्हणतो, चोपडी वाचल्याशिवाय आता मी पान्याला हात लावणार नाही. आणि चोपडी ही अशी." त्यांनी पुस्तक पुढे केलं. "इंग्रजी मागवली होती. पुन्हा जर्मनच आली. आता दोन आहेत."

शास्त्रीबुवांनी पुस्तक उघडलं. बावीस वर्षांत पहिल्यांदाच कुणीतरी त्यांना जर्मन वाचायला सांगत होतं. त्यांनी गंभीरपणे आठ दिवसांची मुदत मागितली.

ते आठ दिवस घरात कुणाला सुखाचे गेले नाहीत. शास्त्रीबुवांचा कोश मोटार जन्माला यायच्या आधी छापलेला होता. पुस्तकातले शब्द हातभर लांब. पण लांब शब्दांना संस्कृतचा माणूस भीत नाही. समास सोडवावा तसा त्यांनी एकेक शब्द सोडवायला घेतला. रविवारी ते टांगा करून मकरपुऱ्याच्या शेडवर गेले, लॉरीसमोर खुर्ची टाकून बसले आणि वाचू लागले. गोविंदभाई मिस्त्री पान्यावर हात टेकून ऐकत होते.

"इथे एक कठीण जागा आहे," शास्त्रीबुवा म्हणाले. "त्सिलिंडरकोप्फडिख्टुंग. त्सिलिंडर म्हणजे नळकांडं. कोप्फ म्हणजे मस्तक. आणि डिख्टुंग म्हणजे काव्य."

"काव्य?" जयवंतराव म्हणाले.

"कोशात तसंच आहे. नळकांड्याच्या मस्तकावरचं काव्य. मी तीन दिवस विचार करतोय. पुढे म्हटलंय, हे काव्य जळाल्यास ताबडतोब बदलावे, आणि जुने काव्य पुन्हा वापरू नये."

जयवंतरावांनी लॉरीकडे संशयाने पाहिलं. गोविंदभाईंनी मात्र कपाळाला हात लावला.

"जळतं? आणि जुनं परत चालत नाही? दोन लोखंडांच्या मध्ये बसतं?"

"मध्ये बसतं, असंच आहे."

"अरे साहेब, गास्केट!"

शास्त्रीबुवांनी टाक काढून समासात नोंद केली. त्यांचा चेहरा उजळला होता. इतकी वर्षं त्यांनी शब्दाचा अर्थ दुसऱ्या शब्दात शोधला होता. आज मिस्त्रीने तो हातात धरून दाखवला, काळा आणि कडेने करपलेला.

त्यानंतर काम भराभर चाललं. दुपारपर्यंत ते इंजिन तापण्याच्या प्रकरणावर आले. पंख्याचा पट्टा ढिला आहे का? नाही. पंप फिरतो का? फिरतो. आणि मग ते वाक्य आलं. शास्त्रीबुवांनी ते दोनदा वाचलं.

"शीतकात, म्हणजे तुमच्या रेडिएटरमध्ये, केवळ मऊ पाणी घालावे."

"पाणी मऊच असतं," जयवंतराव म्हणाले. "कडक पाणी तुम्ही कुठे पाहिलंत?"

"बर्फ," गोविंदभाई म्हणाले.

"बर्फ कोण घालतोय लॉरीत? आम्ही ह्या इथल्या विहिरीचं पाणी घालतो. दोन वर्षं. गाळून!"

"कदाचित कोमट म्हणायचं असेल," गोविंदभाईंनी सुचवलं.

शास्त्रीबुवांनी मान हलवली. त्यांना पाठभेदाचा वास आला होता. पोथीत जिथे अर्थ लागत नाही तिथे नक्कल करणाऱ्याची चूक असते, हा त्यांचा अनुभव. "वायशेस म्हणजे मऊ. पण मूळ शब्द रायशेस असेल आणि छापणाऱ्याने एक अक्षर चुकवलं असेल, तर अर्थ होतो, विपुल पाणी. विपुल पाणी घालावे. हे पटतं."

"विपुल तर आम्ही घालतोच आहोत!" जयवंतराव ओरडले. "पोरचं निम्मं गाव त्यावर जगतंय!"

त्या दिवशी काम तिथेच थांबलं.

दोन दिवसांनी रावपुऱ्यात नळ दुरुस्त करायला रस्ता खणला आणि आजव्याच्या तलावाचं पाणी बंद झालं. शास्त्रीबुवांच्या पत्नी अहल्याबाई यांनी शेजारच्या विहिरीतून पाणी आणून स्वयंपाक केला. बुवा जेवायला बसले. त्यांच्या डोक्यात वायशेस आणि रायशेस यांचं भांडण चालू होतं. तरी पहिल्या घासाला त्यांनी थांबून दात चाचपला.

"अगं, डाळ शिजलेली नाही."

"ती शिजायची नाही. दोन तास चुलीवर होती. विहिरीचं पाणी जड. आजव्याचं हलकं, त्यात कशी लोण्यासारखी शिजते."

शास्त्रीबुवांचा हात ताटातच राहिला. "काय म्हणालीस? पुन्हा म्हण."

"डाळ शिजली नाही म्हटलं. आता ताक घ्या आणि भात संपवा."

"ते नव्हे! पाणी जड असतं?"

अहल्याबाईंनी त्यांच्याकडे जरा दयेने पाहिलं. "अहो, पाणी जड असतं, हलकं असतं. जड पाण्यात डाळ शिजत नाही, साबण फेसाळत नाही, भांड्याला आतून पांढरा थर धरतो. हे कुठल्याही बाईला विचारा. तुमच्या त्या जर्मनांना आज कळलं का?"

"त्यांना कळलंय," शास्त्रीबुवा म्हणाले. "मलाच कळलं नव्हतं." आणि ते उष्ट्या हाताने कोश उघडायला निघाले, तेव्हा अहल्याबाईंनी त्यांना मोरीकडे वळवलं.

दुसऱ्या दिवशी नळ सुरू झाला. शास्त्रीबुवांनी ठरवलं की प्रमाणाशिवाय काही बोलायचं नाही. मकरपुऱ्याच्या विहिरीच्या पाण्यात डाळ शिजवून बघायची. त्यांनी डाळीचा डबा उचलला. अहल्याबाईंनी तो काढून घेतला.

"तुम्ही जन्मात कधी डाळ शिजवली आहे? करपवाल, आणि पाण्यावर खापर फोडाल. मी येते."

अशा रीतीने जयवंतरावांच्या शेडसमोर एक टांगा थांबला. त्यातून शास्त्रीबुवा उतरले, मग अहल्याबाई उतरल्या, मग दोन पातेली, तुरीची डाळ, हळद आणि आजव्याच्या पाण्याची कळशी उतरली.

जयवंतराव बघतच राहिले. "वहिनी, स्वयंपाक? इथे?"

"लॉरीसाठी आहे," शास्त्रीबुवा म्हणाले.

जयवंतरावांनी गोविंदभाईंच्या कानात विचारलं, "ह्या इंजिनात डाळ घालायची पद्धत आहे का?"

विटांच्या दोन चुली मांडल्या. एकीवर शेडच्या विहिरीचं पाणी, दुसरीवर आजव्याचं. दोन्हींत वाटीवाटी डाळ. चौघेजण चुलींभोवती बसले. अहल्याबाई मधूनमधून पळीने दाणा काढून दाबून बघत होत्या आणि जयवंतराव, सवय नसल्याने, प्रत्येक वेळी "झाली का?" म्हणून विचारत होते. तासाभराने आजव्याच्या पातेल्यातली डाळ गिर्र झाली. विहिरीच्या पातेल्यातले दाणे मात्र छर्र्‍यांसारखे वाजत होते.

"ह्या पाण्यात डाळ शिजत नाही, तिथे ते इंजिनाला कसं निववणार?" अहल्याबाई म्हणाल्या. मग उठून त्यांनी सरळ लॉरीचं टोपण काढायला सांगितलं, आत बोट घालून फिरवलं आणि बोट बाहेर काढून सगळ्यांसमोर धरलं. बोटावर पांढरी, खरखरीत भुकटी होती. "हे बघा. आमच्या जुन्या घरी बंबात हेच धरायचं. पाणी तापायला सकाळची दुपार व्हायची."

गोविंदभाई ते बोट बघत उभे राहिले. "खार! बॉयलरचा खार! माझ्या बापाने गिरणीत जन्मभर बॉयलर खरवडले, वहिनी. मी लहानपणी डबा घेऊन जायचो. आणि मी अकराशे रुपये..."

"माझे," जयवंतराव म्हणाले.

"तुमचे अकराशे रुपये डोक्यावर आणि रिंगांवर घालवले, आणि नळ्यांत वाकून पाहिलं नाही!"

"मग आता?"

"बंबाला आम्ही धुण्याचा सोडा घालायचो," अहल्याबाई म्हणाल्या.

शास्त्रीबुवांनी घाईघाईने पान उलटलं. पुढच्याच परिच्छेदात तो होता. त्याला ते 'क्षाराचे चूर्ण' म्हणत कालपासून अडून बसले होते.

तीन दिवस सोड्याचं पाणी घालून इंजिन चालवलं आणि सोडलं. पहिल्या दिवशी खालच्या तोटीतून ताकासारखं पाणी आलं, दुसऱ्या दिवशी चुन्याची निवळी, तिसऱ्या दिवशी स्वच्छ. एकूण खर्च सहा आणे. त्यातले दोन आणे गोविंदभाईंनी हट्टाने स्वतःच्या खिशातून दिले.

रविवारी करजणची फेरी ठरली. लॉरीत आजव्याच्या पाण्याने भरलेली दोन पिंपं ठेवली. पुढच्या बाकावर जयवंतराव, शास्त्रीबुवा आणि, दोघांनी आग्रह केल्यामुळे, खिडकीशी अहल्याबाई. मागे रिकाम्या गोण्यांवर गोविंदभाई. शास्त्रीबुवा इंजिनाची उष्णता दाखवणाऱ्या काट्याकडे बघत होते आणि काटा जरा हलला की पुस्तक उघडत होते. अहल्याबाई मात्र बाहेरची शेतं बघत होत्या. बडोद्याची वेस ओलांडून करजणच्या रस्त्याला लागायची त्यांची ही पहिलीच वेळ, आणि ते कुणाच्या लक्षात आलेलं नव्हतं.

पोर आलं. विहिरीपाशी चार माणसं बादल्या भरून उभी होती. लॉरी शांतपणे त्यांच्यासमोरून निघाली. एकाने बादली वर करून दाखवली. जयवंतरावांना ते बघवेना. पन्नास पावलांवर त्यांनी लॉरी थांबवली, उतरले आणि चारही बादल्यांचे पैसे चुकते केले.

"पाणी नको?" तो माणूस म्हणाला.

"नको. पण तुमची बादली भरली होती ना," जयवंतराव म्हणाले आणि परत येऊन बसले.

लॉरी करजणला पोहोचली, गासड्या भरून परत आली, आणि त्या पूर्ण उन्हाळ्यात तिने एकदाही वाफ सोडली नाही. शास्त्रीबुवांनी पुस्तकाचं भाषांतर पुरं केलं. गोविंदभाईंनी ते शेडमध्ये खिळ्याला टांगलं. महिन्याभरात त्याच्या कडा काळ्या झाल्या, दोन पानं फाटली, एकावर चहा सांडला. शास्त्रीबुवा एकदा बघायला गेले तेव्हा ते मळलेलं बाड हातात घेऊन बराच वेळ उभे राहिले. जयवंतरावांना वाटलं, बुवांना वाईट वाटलं.

"नवीन कागदावर उतरवून घेऊ का?"

"नको," शास्त्रीबुवा म्हणाले. "असंच असू द्या."

भाषांतर करताना त्यांना सत्तेचाळिसाव्या पानावर छपाईची एक खरी चूक सापडली होती. ती सोडून देणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. त्यांनी जर्मनीतल्या कारखान्याला जर्मनमध्ये पत्र लिहिलं, चूक दाखवली, योग्य पाठ सुचवला आणि त्याला तीन कारणं दिली. चार महिन्यांनी उत्तर आलं. कारखान्याने आभार मानले होते, पुढच्या आवृत्तीत दुरुस्ती करू असं म्हटलं होतं आणि वरती लिहिलं होतं, 'मान्यवर इंजिनीयर शास्त्री यांस'.

शास्त्रीबुवांनी ते पत्र स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून मोठ्याने वाचलं, मग मराठीत सांगितलं.

अहल्याबाईंनी हात पुसले. पत्रावरचा शिक्का निरखून बघितला. त्यांना आनंद झाला होता, तो त्यांनी लपवला नाही.

"बरं झालं," त्या म्हणाल्या. "मग इंजिनीयरसाहेब, भिंतीवरचं घड्याळ परवापासून बंद आहे. तेवढं बघा."

शास्त्रीबुवांनी घड्याळ खाली उतरवलं, कान लावून ऐकलं, मागचं झाकण काढलं आणि त्यासोबत आलेलं माहितीपत्रक शोधायला माळ्यावर चढले. ते अर्ध्या तासाने धुळीने माखून रिकाम्या हाताने उतरले, तेव्हा अहल्याबाईंनी घड्याळाला किल्ली देऊन ते पुन्हा भिंतीवर टांगलं होतं.