डावा पाय

सोबत काम करणाऱ्या मेव्हण्यामुळे अख्खी खाण त्यांना दाजीच म्हणायची. चढावर ट्रकचं एक चाक अधांतरी गरगरू लागलं, की दाजी उजव्या पायाने ॲक्सिलरेटर धरून डाव्याने ब्रेक हलकेच दाबत. मोकाट चाक आवरे आणि जमिनीवरचं चाक ट्रक ओढून नेई. पण हल्ली तो डावा पाय बधिर झाला होता. सकाळी चप्पल उंबऱ्यातच निसटली, ती बायकोने आणून दिली तेव्हा त्यांना कळलं.

"अहो, पाय आहे की ओंडका? डॉक्टरकडे चला."

"एवढी खेप टाकून येतो."

दरीकाठच्या चढावर चाक गरगरलं.

"दाजी, दाबा की ब्रेक!" मेव्हणा ओरडला.

"दाबलाय रे!"

ट्रक मागे सरकू लागला. दाजींनी खाली पाहिलं. पाय ब्रेकच्या शेजारी, नुसत्या पत्र्यावर रेटलेला होता.