जिन्यात जेवणारी बाई

माझी मावशी बत्तीस वर्षं पुस्तकबांधणीच्या कारखान्यात होती. छापलेल्या कागदांच्या घड्या दोऱ्यानं शिवायचं तिचं काम. हातांना खळीचा वास कायमचा मुरलेला. सुट्टीत मी तिच्याकडे राहायला गेलो की संध्याकाळी तो वास यायचा, आणि मावशी घरी आली हे न बघताच कळायचं. तिच्या तोंडात तीळ भिजत नसे, त्यामुळे कारखान्यातलं सगळं मला रोज ऐकायला मिळे. त्यात एक बाई हटकून असायची. तिला सगळ्या 'डोंगरवाली' म्हणत.

डोंगराकडच्या वस्तीतून आलेली ती एकटीच. कामाला वाघ. पण जेवणाच्या सुट्टीत बाकी बायका खिडकीजवळच्या लांब टेबलाशी बसत, आणि ही डबा घेऊन जिन्यात जाई.

"डोंगराकडचे सगळे एका माळेचे मणी," मावशी म्हणायची. "तुटक आणि गर्विष्ठ."

दुसरी एखादी कधी एकटी जेवली, तर तिचं डोकं दुखत असायचं किंवा घरी भांडण झालेलं असायचं. डोंगरवालीचं जणू डोकंही दुखत नसे आणि तिला घरही नसे. तिचा म्हणे स्वभावच तसा.

अशी तीन वर्षं गेली. मग एका मोठ्या कामाच्या घाईत दोघींना शेजारी बसवलं. चौथ्या दिवशी मावशीला राहवलं नाही.

"काय गं, आम्ही काय चावतो का? टेबलाशी कधी येत नाहीस ती."

डोंगरवालीनं दोरा दातानं तोडला. "पहिल्या दिवशी आले होते की. तुम्हीच म्हणालात, ही जागा धरलेली आहे."

"मी?"

"तुम्हीच. मला वाटलं, इकडची माणसं अशीच असतात. मग नाही आले परत."

मावशीला काही आठवेना. शेजारची खुर्ची ती रोजच आपल्या मैत्रिणीसाठी, पुठ्ठेवालीसाठी, धरून ठेवायची. कोणाला काय म्हटलं, हे कोण लक्षात ठेवतं? त्या संध्याकाळी ती घरी येऊन गप्प बसली. मी खोदून विचारलं तेव्हा म्हणाली, "तीन वर्षं रे. माझ्या एका वाक्यापायी."

दुसऱ्या दिवशी ती डबा घेऊन जिन्यात गेली. टेबलाशी लगेच कुजबुज सुरू झाली. हिला डोंगरवालीकडून काहीतरी साधायचं असेल, कोणी म्हणालं. दुसरीचं मत, वयानं डोकं फिरलं. मावशी दोन्ही ऐकून घ्यायची आणि घरी येऊन मला नकला करून दाखवायची.

हळूहळू आणखी दोघी आल्या. मी कॉलेजात जाईपर्यंत जिन्यात पाच जणी बसत होत्या, आणि कागदांचे गठ्ठे घेऊन वरखाली करणारे हमाल "वाट द्या बायांनो" म्हणून कावत होते. पुठ्ठेवाली मात्र शेवटपर्यंत आली नाही. मावशीशी बोलणंही तिनं तोडलं.

मावशी निवृत्त झाल्यावर एकदा मी म्हणालो, "आखडूच असणार ती पुठ्ठेवाली."

मावशी शेंगा सोलत होती. "असेल," ती म्हणाली. मग टरफलं बाजूला सारून, "गुडघे दुखायचे तिचे. पायरीवर बसणं जमत नसेल. का मीच तिला टाकून गेले, असं वाटलं असेल? कोण जाणे. मी कधी विचारलंच नाही."